मानाचं घर

फोनवरचा आवाज वडिलांचा आहे हे सानाएला आधी कळलंच नाही. स्टुडिओत तीन वर्षांच्या एका मुलीला किमोनो नेसवून खुर्चीवर बसवलं होतं, मुलीची आजी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून वेडेवाकडे चेहरे करत होती, आणि सानाए एका हाताने दिवा सरकवता सरकवता दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून उभी होती. पलीकडे कुणीतरी लहान पोर आहे असं तिला वाटलं. राँग नंबर म्हणून ती ठेवणार, तेवढ्यात ते पोर म्हणालं, "कॅमेरा घेऊन ये. यंदा मान आपल्याकडे आहे." सानाएने दिवा सोडला. "बाबा?" ती म्हणाली. "मग कोण?" पोर म्हणालं. "उत्सवाला ये. तोवर मी काही जात नाही, तेव्हा आधी येऊन उगाच सुट्टी वाया घालवू नकोस." एवढं बोलून त्याला धाप लागली. मग भांड्यांचा आवाज आला, आईचं काहीतरी पुटपुटणं आलं आणि फोन बंद झाला. खुर्चीतली मुलगी नेमकी त्याच वेळी हसली. सानाएचं बोट बटणावर होतं, पण तिने ते दाबलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हसणारं मूल तिच्या हातून कधी सुटलं नव्हतं. "अहो, गेलं की हसू!" आजी म्हणाली. "हो, गेलं," सानाए म्हणाली आणि पुन्हा दिवा सरकवायला लागली.

संध्याकाळी स्टेशनखालच्या बाजारातून घरी जाताना तिच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. माणूस वाळतो, केस जातात, दात जातात, ते ठीक आहे. पण आवाज कुठे जातो? बाबा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होते. या उतारावरून त्या उतारावरच्या गड्याला 'बाजूला हो, झाड येतंय' म्हणून ओरडणं हे त्यांचं अर्धं काम, आणि घरी आल्यावरही त्यांना हळू बोलता येत नसे. मीठ मागितलं तरी शेजारच्या घराला कळायचं. त्या आवाजाची तिला लहानपणी लाज वाटायची. शाळेत पालकांच्या दिवशी बाबा येऊ नयेत म्हणून तिने एकदा पोटात दुखण्याचं सोंग केलं होतं. आता नागोया शहराच्या त्या उजेडात, हातात टोफूची पिशवी घेऊन, ती एका दुकानाच्या काचेसमोर उभी राहिली आणि तो आवाज आठवायचा प्रयत्न करायला लागली. आठवेना. त्यांना हळू बोलताना तिने एकदाच ऐकलं होतं, तेवढंच आठवत राहिलं, आणि ते तिला आठवायचं नव्हतं.

ताकिनोसे या तिच्या गावच्या देवाला स्वतःचं कायमचं घर नाही. डोंगरावर देऊळ आहे, पण देव वर्षभर गावातल्या कुणातरी एकाच्या घरी, कोनाड्यात ठेवलेल्या लाकडी पेटीत राहतो. शरदातल्या उत्सवाच्या रात्री घरचा कर्ता पुरुष ती पेटी देवळात नेतो आणि पहाटे पुढच्या घराच्या स्वाधीन करतो. एका घराचा मान संपला, दुसऱ्याचा सुरू झाला. पण पहाट व्हायच्या आत मानाच्या घरात कुणी मेलं तर सुतक, आणि सुतक कळलं की देव तिथे क्षणभरही थांबत नाही. मान बुडतो. पुन्हा फिरून यायचा तो सगळ्या घरांचा फेरा झाल्यावर, म्हणजे एका माणसाचं निम्मं आयुष्य गेल्यावर. सानाए नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा मान त्यांच्या घरी होता, आणि उत्सवाला दोन दिवस राहिले असताना आजी गेली. अंधार पडल्यावर गावातले चार पुरुष आले. त्यांनी बाह्यांत हात लपवून पेटी उचलली आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता नेली. त्यांत गेन्पाचिकाका होते, बाबांचे जिवलग मित्र, रोज संध्याकाळी येऊन तांदळाची दारू, साके, पिणारे. तेही जमिनीकडे बघत होते. बाबा उंबऱ्याशी डोकं टेकून बसले होते. आईने दारावरचा कंदील उतरवला. उत्सवाच्या रात्री वरून ढोल ऐकू येत होता, घरातले दिवे बंद होते, आणि भाताचा वाडगा हातात घेऊन बाबा अगदी हळू म्हणाले, "दोन दिवस. दोन दिवस कळ काढता आली नाही हिला." मग ते जेवले. स्वतःच्या आईबद्दल म्हणाले ते. आईने ऐकलं, सानाएने ऐकलं, दादाने बहुतेक ऐकलं. त्यावर त्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. 'तोवर मी काही जात नाही' हे फोनवरचं बोलणं कुठून आलंय हे सानाएला नीट ठाऊक होतं, आणि ते आईलाही ठाऊक असणार.

उत्सवाच्या दिवशी दुपारी ती पोचली तेव्हा दारावर नवा कंदील होता आणि घरात सगळे पावलं न वाजवता चालत होते. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ नोबुओ, आठवडाभर ओसरीपलीकडच्या खोलीत वेगळा राहत होता. पहाटे गार पाण्याने आंघोळ, स्वतःच्या हाताने शिजवलेला भात, मांसमच्छी बंद, आणि आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दादा सहकारी संस्थेत खतांचा हिशेब बघतो. गोलमटोल, हसरा, सगळ्यांना 'चालेल, चालेल' म्हणणारा माणूस. आठवड्यात तो एकदम उतरला होता. "बाबांना बघितलंस?" त्याने दारातूनच विचारलं. "मला आत जाता येत नाही ना. बाहेरून विचारतो, बरं आहे का म्हणून, तर ते काठी आपटतात. दोनदा आपटली की बरं आहे. आज सकाळी एकदाच आपटली." "एकदा म्हणजे?" "ते ठरलेलं नाही," तो म्हणाला आणि हसला. सानाए आत गेली. गादीवर बाबा होते असं म्हणायचं. पांघरुणाखाली फारसं काही नव्हतं. नाकाशी नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र, त्याची घरघर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे, आणि डोळे मिटले. तपासणी झाली, माल बरोबर आहे, असे ते डोळे मिटले. तिला हसू आलं.

सूर्य डोंगराआड गेला तशी आईने मधली सरकती दारं उघडली. कोनाडा बाबांच्या गादीवरून सरळ दिसावा म्हणून तिने त्यांच्या पाठीशी तीन गाद्यांची उतरंड केली होती आणि त्यांच्या खांद्याला स्वतःचा खांदा लावून ती बसली होती. पांढऱ्या कपड्यांतला दादा आला, कोनाड्यासमोर वाकला, पेटी उचलली. त्याने वळून बघायचं नसतं. देवाला घेऊन निघालेला माणूस मागे बघत नाही. सानाएने दारापाशी गुडघे टेकून आधी त्याची पाठ टिपली, मग कॅमेरा बाबांकडे वळवला. बाबा पेटीकडे बघत होते. डोळे अर्धे उघडे, ओठ थोडे विलग. तिने तीन फोटो घेतले. यंत्र घरघरत होतं, दारावर ढोल वाजायला लागला होता, आणि भिंगातून बघताना नेहमी होतं तसंच झालं, तिला उजेड आणि चौकट यापलीकडे काही सुचलं नाही. "जा," आई म्हणाली. "त्यांच्याबरोबर जा. इथे काय बघतेस?" आणि सानाए बूट पायात कोंबत मिरवणुकीमागे धावली.

देवळाच्या आवारात कागदी कंदिलांच्या रांगा लावल्या होत्या. पूर्वी प्रत्येक घराचा एक कंदील असे. आता घरं थोडी राहिली आहेत, पण कंदील तितकेच लावतात, मेलेल्या आणि शहरात गेलेल्या घरांचेही. सानाएला ते बरं वाटलं. ती काम करायला लागली. ढोल बडवणाऱ्याच्या दंडावरचा घाम, शेकोटीची ठिणगी, तांदळाच्या चिकट लाडवांची, मोचीची, टोपली सावरत पायऱ्या चढणारी म्हातारी. गेन्पाचिकाका देवळाच्या कमानीखाली स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत होते. आता ते गावातले सगळ्यांत वडीलधारे, आणि पहाटे पेटी जाणार होती तीही त्यांच्याच घरी. "काय गं नागोयावाली!" ते ओरडले. "एवढं मोठं धूड गळ्यात घालून फिरतेस, त्यापेक्षा नवरा का नाही आणलास?" "नवरा सोडला काका, कॅमेरा ठेवला." "शहाणी आहेस. कॅमेरा निदान जेवायला मागत नाही." शेजारचे हसले. मग त्यांनी खालच्या आवाजात बाबांबद्दल विचारलं, "तोकुजी कसा आहे?" "पेटी निघताना बघत होते." "बघणारच. मेलेला असला तरी उठून बघेल तो आज," काका म्हणाले आणि डोळ्यांत धूर गेल्यासारखे डोळे पुसले. धूर होताच तिथे, शेकोटी जवळच होती.

आईचा फोन आला तेव्हा ती ढोलांच्या गलक्यात होती. ती कोठाराच्या मागे गेली. "जवळ कुणी आहे का?" आईने विचारलं. "नाही." "हे गेले," आई म्हणाली. "म्हणजे, गेलेले नाहीत. सकाळपर्यंत गेलेले नाहीत. कळलं का तुला?" "कधी?" "पेटी दाराबाहेर पडली, त्यानंतर." ते उत्तर फार लवकर आलं. तयार करून ठेवलेलं असावं तसं. "डॉक्टर?" "सकाळी बोलावू. तुझ्या वहिनीला ठाऊक आहे. तिनेच खिडक्या उघडल्या, गारवा राहावा म्हणून." "आणि दादाला?" "नोबुओला एक शब्द बोललीस तर बघ." "अगं, पण त्याचे वडील आहेत ते!" "म्हणूनच," आई म्हणाली. "तू तिथेच राहा. फोटो काढायला सांगितलेत ना ह्यांनी? मग काढ. आणि रडायचं असेल तर कमानीबाहेर जाऊन काय ते आत्ताच रडून घे. परत येताना तोंड धुऊन ये." फोन ठेवताना आईचा श्वास एकदा अडखळला, तेवढंच.

कमानीबाहेर जायलाच हवं होतं, रडायला नव्हे, नियम म्हणून. तिला आता सुतक होतं. ठाऊक नव्हतं तोवर नव्हतं, फोनने आणलं. नागोयात ती असलं काही मानत नव्हती; तिथे लोक सकाळी माणूस जाळून दुपारी कामावर येतात. पण इथे, या दगडी फरशीवर, तिचे पाय मानत होते. पावलांखालून काहीतरी वर चढतंय, आपण उभ्या आहोत तेवढा तुकडा डागाळतोय असं तिला वाटायला लागलं आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. बाहेर गेलं तर लोक विचारतील, फोटोवाली कुठे गेली? दादा तिला शोधेल. ती दिसली नाही की तो समजेल, आणि समजल्यावर तो पेटी खाली ठेवेल, कारण दादाला खोटं वागता येत नाही. ढोल थांबतील. माणसं बाह्यांत हात लपवतील. बाबांचा मान दुसऱ्यांदा बुडेल आणि तिसऱ्यांदा येईल तेव्हा ते घर उभं असेल की नाही कोण जाणे. आत राहिलं तर देवाला विटाळ, भावाशी दगा. कुठेही पाय टाकला तरी चूकच होती. कुणी तिला विचारलंच नव्हतं. लहानपणी आजी गेली तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, पण तेव्हा ती लहान तरी होती. तिला बाबांचा भयंकर राग आला. पहाटेपर्यंत! एवढं मोठ्या तोंडाने सांगितलं होतंत ना फोनवर? मग पहाटेपर्यंत का नाही राहिलात? आणि हे आपण मनात बोललो ते कुणाचं वाक्य आहे हे लक्षात आल्यावर ती कोठाराच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली.

बसल्या बसल्या तिने कॅमेऱ्याचा पडदा उजळला आणि मागे जात जात ते तीन फोटो शोधून काढले. पहिला. बाबा पेटीकडे बघताहेत. दुसरा. बाबा पेटीकडे बघताहेत. तिसरा. तिने चेहरा मोठा केला, डोळे मोठे केले, इतके की नुसते करडे ठिपके राहिले. तिन्हींत पापणी तेवढीच मिटलेली, ओठ तेवढेच विलग, मान आईच्या खांद्यावर त्याच कोनात. तीन फोटोंत आईचा चेहरा तीन तऱ्हांचा होता. एकात ती पेटीकडे बघत होती, एकात भुईकडे, आणि तिसऱ्यात सरळ कॅमेऱ्याकडे, सानाएकडे, आणि त्या बघण्यात काहीतरी होतं जे तिथे गुडघ्यांवर बसलेली असताना तिला दिसलं नव्हतं. ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं, पण यंत्र काय, कुणाच्याही नाकाशी घरघरतं. दादाने आठवड्यात आत पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी काठी एकदाच वाजली होती, आणि नंतर वाजली होती का? दुपारी त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिटले, एवढं पक्कं. त्यापुढचं आई सांगेल ते. आयुष्यभर ती लोकांना 'हलू नका, हलू नका' म्हणत आली होती, आणि न हललेल्या माणसाचा फोटो बघून तो जिवंत आहे की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. पेटी दाराबाहेर पडली त्यानंतर, असं आई म्हणाली आहे. तिने ते मनात दोनदा म्हटलं. मग पडदा बंद केला, नळाखाली तोंड धुतलं आणि आवारात परत गेली.

ढोल थांबला होता. लोक दोन्ही बाजूंना ओळीने उभे राहिले होते. आता पेटी बाहेरच्या मंडपातून आतल्या गाभाऱ्यात न्यायची, आणि त्या वेळी गावातला एकेक दिवा विझवायचा, घरांतलासुद्धा. देव जागा बदलत असताना त्याला कुणी बघायचं नाही आणि त्याचा फोटो काढायचा नाही. दादा पेटी घेऊन निघाला. त्याच्या दातांत घडी केलेला पांढरा कागद होता. माणसाचा श्वास देवाला लागू नये म्हणून तो धरतात, आणि तो धरला की बोलता येत नाही. ओळीतली माणसं त्याला वाकत होती. सानाएसमोर आल्यावर त्याची पावलं किंचित मंदावली. कंदिलाच्या उजेडात त्याचं कपाळ घामाने चमकत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तो लहानपणी असंच विचारायचा, जेवणाच्या पाटावरून, बाबांचा मूड कसा आहे म्हणून, ती आधी आत जाऊन आलेली असली की. बाबा? बरं आहे ना? तिच्याकडे कॅमेरा होता, तो डोळ्याशी नेता आला असता. तिने नेला नाही. तिने मान हलवली, वरून खाली, एकदा. दादाचे खांदे सैल झाले, कागदामागे त्याचे ओठ हसले, आणि तो पुढे गेला.

मग कंदील विझायला लागले. टोकाकडून एकेक, कुणीतरी फुंकर मारत येत होतं, आणि शेवटी शेकोटीवरही ओली चटई टाकली तेव्हा काही म्हणजे काही दिसेना. खाली गावातही काळोख झाला. पुजाऱ्याने तो लांब, एकसुरी 'ओ' सुरू केला, मग आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्यात आवाज मिसळला. सानाएने कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा तळहाताने झाकला. खालच्या काळोखात कुठेतरी त्यांचं घर होतं, तिथेही आईने आता दिवा विझवला असेल आणि ती अंधारात बाबांच्या शेजारी बसली असेल. पलीकडून गवतावर दादाची पावलं ऐकू येत होती. दहा-बारा पावलं चालून गेलं तर त्याची बाही हाताला लागेल. दादा, बाबा गेले. एवढंच म्हणायचं. सांगितलं तर तो म्हणेल, तू बुडवलास बाबांचा मान. नाही सांगितलं तर म्हणेल, तुला ठाऊक होतं, आणि मला पेटी मिरवायला लावलीस, त्यांच्याजवळ बसू दिलं नाहीस. दोन्ही खरं असेल, आणि दोन्ही तो एकदाच म्हणेल, मग 'चालेल' म्हणेल, आणि मरेपर्यंत मनात ठेवेल. पाय उचलावा असं तिला वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. ती अंधारात तोंड उघडून रडली. आवाज येऊ दिला नाही, आणि त्या 'ओ'मध्ये आला असता तरी कुणाला कळला नसता. सगळं संपून पहिला कंदील पेटला तेव्हा ती नाक पुसून तयार होती आणि तिच्या बाजूची म्हातारी म्हणाली, "थंडी पडलीय गं, नाक वाहतंय तुझं."

पेटी आत ठेवली की पहाटेपर्यंत देव देवळात आणि माणसं मानाच्या घरी, असा रिवाज. पूर्वी त्या रात्री घरात पाय ठेवायला जागा नसे. आता जेमतेम दहा-बारा म्हातारे, काठ्या टेकत, एकमेकांच्या कमरेवर विनोद करत उतरले. सानाए त्यांच्या पुढे धावत घरी पोचली. बाहेरच्या खोलीत वहिनीने मुळ्याचं लोणचं, अळूचे कंद आणि साके मांडून ठेवलं होतं. तिचे डोळे लाल होते, पण चुलीपाशी राबणाऱ्या बाईचे असतातच. मधली दारं बंद होती आणि दारापुढे चांगला काळा किमोनो नेसून आई बसली होती. "या, या," ती सगळ्यांना म्हणाली. "ह्यांना आत्ताच डोळा लागलाय. पेटी गेली ती बघितली आणि झोपले बघा." दादा उंबऱ्याबाहेर पाय धूत होता, पांढऱ्या कपड्यांतच. त्याचं तोंड मोकळं झालं होतं आणि तो थांबतच नव्हता. "आई, पायरीवर एकदा पाय सटकलाच होता माझा! वाटलं, आता गेली पेटी. तेवढ्यात सानाए दिसली. म्हटलं, हिने मान हलवलीय म्हणजे सगळं ठीक आहे." आईने सानाएकडे पाहिलं. सानाए भिंतीकडे बघत होती.

गेन्पाचिकाकांनी पहिला पेला भरला. रिवाजाप्रमाणे तो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्याला द्यायचा. ते गुडघ्यांवर सरकत सरकत बंद दारापाशी गेले, आईच्या अगदी समोर, आणि तिथे थांबले. खोलीत बडबड चालली होती, पण ते काहीतरी ऐकत होते असं सानाएला दिसलं. तिनेही ऐकलं. आत यंत्र घरघरत नव्हतं. वहिनीने की आईने, कुणीतरी ते बंद केलं होतं. काकांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईने नजर वळवली नाही. त्या दोघांचं वय, त्या घरातून एकदा नेलेली पेटी, सगळं त्यांच्यामधल्या त्या हातभर जागेत होतं. पहाटे पेटी घ्यायची ती काकांनाच, आणि तीही आता हे ठाऊक असून. पेला कलला, साके चटईवर सांडली. मग त्यांनी पेला दारापाशी, उंबऱ्याला लागून ठेवला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "झोप रे तोकुजी. दमलायस. उद्या बोलू." नंतर वळले आणि रागावल्यासारखे सानाएवर ओरडले, "बघत काय उभी राहिलीस? सगळ्यांचा फोटो काढ! इथेच, या दारापुढे."

सगळे सरकून बसले. मध्ये दादा, त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काका. सानाए समोरच्या भिंतीला टेकली. तिला कॅमेरा हातात घ्यायचा नव्हता, पण हातांना काम ठाऊक होतं, त्यांनी उजेड मोजला, चौकट धरली. "थांब, थांब," दादा म्हणाला. "बाबांशिवाय कसला फोटो? दार थोडं सरकवतो. झोपलेले का असेनात, फोटोत येऊ देत." "पहाटेपर्यंत त्या खोलीत पाय टाकायचा नाही तुला," काका म्हणाले. "पाय कुठे टाकतोय काका, नुसतं दार सरकवतोय." "अरे, झोपू दे त्यांना," आई म्हणाली. "बाबा आणि आज झोपतील?" दादा हसला. तो बसल्या बसल्याच मागे वळला आणि त्याने दाराच्या खाचेत बोटं घातली. आईने त्याच्या पांढऱ्या बाहीवर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. दादाची बोटं तिथेच राहिली. तोही आता ऐकत होता. "नोबुओ," गेन्पाचिकाका अगदी हळू म्हणाले, "इकडे बघ. कॅमेऱ्यात बघ, बाळा." तो सावकाश वळला. त्याचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं, आणि डोळे आईकडे नव्हते, काकांकडे नव्हते, ते सानाएकडे लागले होते. भुवया वर गेल्या. या खेपेला तिने मान हलवली नाही. "हलू नका," ती म्हणाली आणि बटण दाबलं.